शेवटचा आला का?

संपत नलावडे फाटकापाशी उभा होता. अंगात हातविणीचा स्वेटर, खाली रेघारेघांचा पायजमा, आणि त्या पायजम्यावर करकचून आवळलेला जुना कातडी पट्टा. मी पुण्याहून गाडी हाकत साताऱ्याला पोचलो होतो आणि पाठीचं लाकूड झालं होतं. तेव्हा मी गाडी चालवत असे. आता मुलगा किल्ली लपवून ठेवतो. मी उतरलो तसं त्यानं मला टाळूपासून टाचेपर्यंत न्याहाळलं.

"ओगले?"

"ओगलेच. दुसरं कोण इतकं देखणं असणार?"

तो हसला नाही. पूर्वी एवढ्यावर त्यानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

"शेवटचा आला का?" त्यानं विचारलं.

"कोण शेवटचा?"

उत्तर न देता तो माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघायला लागला. एका हातानं फाटकाचा खांब धरला होता. पायांत स्लिपरा होत्या, पण त्यांचे पट्टे कापलेले होते, कारण पाय त्यात मावत नव्हते. भोपळ्यासारखे सुजले होते ते पाय.

कुमुदवहिनी पायऱ्या उतरून आल्या. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "भाऊजी, एकदा येऊन जा. हे बसत नाहीत." मला वाटलं होतं, कामात बसत नाहीत, घरात बसत नाहीत, असं काही असेल. म्हातारपणी माणसाला भिंगरी लागते. पण वहिनींच्या म्हणण्यात काही आडपडदा नव्हता. संपत खरोखरच बसत नव्हता.

"जेवतात उभ्यानं," वहिनी सांगायला लागल्या. "झोप आली की या खांबाला टेकून डुलक्या काढतात. पुतण्या नि मी धरून पलंगावर आडवे करतो. जाग आली की परत फाटकात. स्मरण गेलं तेव्हापासून मला ओळखत नाहीत, तेही मी सोसलं. पण हे बघवत नाही हो."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"हृदय थकलंय. स्वस्थ पडून राहिले तर काढतील काही महिने. असेच उभे राहिले तर आजचं उद्या सांगता येत नाही. झोपेची गोळी दिली, तर गोळीच्या गुंगीत उभे राहायला गेले नि पडले. कपाळाची खोक बघितलीत ना?" त्यांनी पदरानं डोळे टिपले. "आणि दिवसभर एकच. शेवटचा आला का, शेवटचा आला का. कोण शेवटचा, ते सांगत नाहीत. तुम्ही अकादमीपासूनचे मित्र. तुम्हाला काही उलगडतंय का?"

मला हसू आलं, आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली. कारण मला उलगडलं होतं.

ओसरीवर बसून मी वहिनींना ती हकिगत सांगितली. लष्करी अकादमीतल्या शेवटच्या सहामाहीत आम्हाला डोंगरातून एक मोठी चाल करावी लागे. पाठीवर बोजा, हातात रायफल आणि पोटात कावळे. नियम असा, की तुकडीची वेळ तिचा शेवटचा गडी अंतिम रेषेच्या आत आला की थांबायची. पुढे पळणाऱ्याचं कौतुक नाही. आमच्या तुकडीचा म्होरक्या होता संपत, आणि मागे राहिला होता अरविंद टिपणीस. मुंबईचा, गोरागोमटा, पाय लोण्याचे. त्याच्या तळव्यांना फोड आले होते.

"आम्ही बाकीचे रेषेवर पोचलो आणि बसायला गेलो, तर संपत ओरडला, 'बसू नका रं कुणी. शेवटचा आल्याबिगार कुणी बसायचं न्हाई.' हा अकादमीचा नियम नव्हता बरं का वहिनी, हा त्याचा स्वतःचा. मग उन्हात उभे. आमच्यातला एक वसईचा होता, ऑगस्टिन तुस्कानो. तो म्हणाला, मी हाक मारतो टिप्याला, घरून सुकेळी, ती वाळवलेली गोड केळी, आलीत म्हणून सांगतो, बघा कसा पळत येतो. तर संपतनं त्याचं तोंड धरलं. म्हणाला, 'हाक मारायची न्हाई. हाक मारली की माणूस लंगडाया लागतो. त्याच्या पायानं येऊ द्या.'"

"आणि आले?"

"आला की. आला तसं संपत म्हणाला, 'आला. आता बसा रं.' आम्ही धाडकन जमिनीवर. टिपणीस मात्र मान खाली घालून उभाच. आमच्या तुकडीचा नंबर त्याच्यापायी सगळ्यांत शेवटी गेला होता. तर संपतनं त्याला कमरेच्या पट्ट्याला धरून खाली ओढला. 'तुला काय निराळं आवतण पायजे?'"

वहिनींनी फाटकाकडे पाहिलं. "म्हणजे हे अजून त्या रेषेवर उभे आहेत."

"तसंच दिसतंय."

"मग सांगा ना त्यांना. आला म्हणावं. खोटं तर खोटं."

मी उठलो. तो कुणाची वाट बघत असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आमच्या कोर्समध्ये, म्हणजे अकादमीतल्या आमच्या बॅचमध्ये, कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं एकच नाव घेतलं असतं. मी फाटकाशी जाऊन टाचा जुळवल्या आणि शक्य तेवढ्या कडक आवाजात म्हणालो, "सगळे आले, संपत. शेवटचाही आला."

"कोण?"

"तुस्की. तुस्कानो आला."

संपतनं मान वळवली. त्या गढूळ डोळ्यांत एकदम जुना संपत येऊन बसला.

"तुस्की कसा येईल? तुस्की मेला. माझ्या म्होरं मेला." आणि मग माझी कीव आल्यासारखा म्हणाला, "ओगल्या, तुझं डोकं ठिकाणावर हाय का?"

पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं त्यानं. मी थोबाडीत खाल्ल्यासारखा ओसरीवर परत आलो.

तुस्कानोचं काय झालं होतं, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. एकाहत्तरच्या लढाईत संपत, टिपणीस आणि तुस्कानो एकाच पलटणीत होते. मी तोफखान्यात, दुसऱ्या टोकाला. त्यांच्या ठाण्यासमोर आपणच पेरलेले सुरुंग होते आणि त्यातून एक अरुंद वाट मोकळी ठेवलेली. वाटेवर पांढरी फीत, आमच्या भाषेत टेप, अंथरलेली असे. गस्तीची टोळी त्या वाटेनं बाहेर जाई, त्याच वाटेनं परत येई. वाटेच्या तोंडाशी एक अधिकारी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून मोजे. जेवढे गेले तेवढे आले, की फीत गुंडाळायची आणि वाट बंद करायची, कारण मागोमाग शत्रू येण्याची भीती. त्या पहाटे धुकं होतं, गोळीबार चालू होता. गस्त टिपणीसनं नेली होती, सर्वांत मागे तुस्कानो होता, आणि मोजायला उभा होता संपत. संपतनं मोजले, मोजणी जुळली, त्यानं वाट बंद केली. तुस्कानो बाहेर राहिला होता. तो धुक्यातून आला आणि आपल्याच सुरुंगावर गेला.

टिपणीसनं त्या गस्तीत शत्रूचा एक सैनिक जिवंत पकडून आणला. त्याच्याकडून पुष्कळ माहिती मिळाली आणि टिपणीसला शौर्यपदक मिळालं. पुढे तो मेजर जनरल होऊन निवृत्त झाला. संपत चौकशीत एकच वाक्य बोलला, "मोजणी माझी होती." त्याची बढती जी अडकली ती अडकली. मेजर म्हणून बाहेर पडला आणि साताऱ्याला येऊन घेवडा पिकवायला लागला. आमच्यात त्याच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. माघारी बोलायचो. चांगला गडी, पण ऐन वेळी मोजायला चुकला, असं.

"वसईचं तुम्हाला ठाऊक नसेल," वहिनी म्हणाल्या. "दर डिसेंबरात जायचे. तुस्कानोंची आई होती तोवर तिच्यासाठी, मग बहिणीसाठी. लग्नानंतर एकदा मीही गेले बरोबर. त्या माउलीनं फाटक उघडलं नाही. हे बाहेर उभे. दुपारपर्यंत उभे राहिले आणि परत फिरले. मी म्हटलं, हाक तरी मारा. तर म्हणाले, हाक मारायचा हक्क नाही आपल्याला." त्या थांबल्या. "झोपेत कधीकधी बोलतात. 'टेप कुठंय रे, संपत?' असं. स्वतःच्या आवाजात नाही. दुसऱ्याच कुणाच्या तरी. तुस्कानोंच्याच असणार."

निघताना मी संपतच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही पुण्यातले कोर्समेट कॅम्पातल्या एका इराण्याकडे जमतो. जमतो म्हणजे तेव्हा जमत होतो. पूर्वी तीन टेबलं जोडावी लागत; तोवर एकावर भागायला लागलं होतं. आमच्या बातम्याही वयाप्रमाणे बदलत गेल्या होत्या. आधी कुणाला कोणती पलटण मिळाली याच्या, मग मुलामुलींच्या लग्नांच्या, मग गुडघ्यांच्या, आणि आता तिरड्यांच्या. कुणी गेला की त्याच्या अकादमीतल्या गमती निघत आणि जरा वेळ तो जिवंत असताना होता त्यापेक्षा बरा माणूस वाटे.

त्या शनिवारी मी संपतची बातमी सांगितली.  मग एकजण म्हणाला, "टिप्या, तू जा ना. तू त्याच्याच पलटणीतला."

टिपणीस टेबलाच्या टोकाला बसला होता. नेहमीप्रमाणे ब्लेझर, नेहमीप्रमाणे भांग धारदार. निवृत्त होऊन युग लोटलं तरी तो खुर्चीत बसला की ती खुर्ची कार्यालयातली वाटायची. कोर्सच्या सुवर्णमहोत्सवाचं सगळं त्याच्याकडे होतं, आणि त्यात तो वाकबगार होता.

"मला नाही बघवणार ते," तो म्हणाला. "संपतला मी धडधाकटच आठवणार. ओग्या, तू त्याला म्हण ना की तुस्की आला. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलायला हरकत नसते."

"म्हटलं की. मलाच वेड्यात काढलं. तुस्की मेला हे त्याला पक्कं ठाऊक आहे."

टिपणीसच्या हातातला बनमस्का चहात बुडवायचा राहिला. "काय म्हणाला? नीट सांग."

"तुस्की कसा येईल, तुस्की मेला, म्हणाला. वाट बघतोय ती दुसऱ्याच कुणाची तरी."

"कुठं उभा असतो?"

"फाटकात. पायजम्यावर पट्टा लावून."

टिपणीसनं बनमस्का बशीत ठेवला. रुमालानं एकेक बोट पुसलं. त्याचा गोरा रंग वयाबरोबर गुलाबी झाला होता. तो आता राखेसारखा दिसत होता.

"आज जाऊ," तो म्हणाला. "आत्ताच."

"महोत्सवाची बैठक आहे ना तुझी दुपारी?"

"ओग्या, गाडी काढ."

 घाट लागेपर्यंत मी दोन-चार विषय काढून पाहिले, ते जागच्या जागी मेले. बोगद्यातून बाहेर पडल्यावर तो एकदम म्हणाला, "त्या चालीच्या दिवशी मला कुणी हाक मारली नाही."

"संपतनं मारू दिली नाही."

"मला वाटलं होतं, तुम्ही गेलात मला सोडून. रडत होतो मी, खरंच सांगतो. शेवटच्या वळणावरून पाहिलं तर तुम्ही सगळे उभे." तो खिडकीबाहेर बघत होता. "त्याच्यापेक्षा तुम्ही निघून गेला असतात तर बरं वाटलं असतं मला."

मला त्याचं म्हणणं तेव्हा कळलं नाही. म्हातारा हळवा झालाय, एवढंच वाटलं.

संपत फाटकातच होता, पण आता दोन्ही हातांनी खांब धरून. चार दिवसांत तो निम्मा झाला होता. वहिनी ओसरीवर पेजेचा पेला घेऊन बसल्या होत्या. टिपणीसला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "टिपणीस भाऊजी! या ना, आत या."

टिपणीस आत गेला नाही. तो फाटकाबाहेर, संपतसमोर, रस्त्यावर उभा राहिला. ब्लेझरची बटणं लावली. दोन म्हातारे फाटकाच्या दोन बाजूंना उभे, आणि मी गाडीच्या दाराशी.

"संपत," टिपणीस म्हणाला. "एक जास्त होता."

संपत बघत राहिला.

"त्या पहाटे. मी सगळ्यांत पुढे होतो. आत शिरताना मी तुला सांगायला पाहिजे होतं, एक जास्त आहे म्हणून. आमच्याबरोबर कैदी होता. थंडीनं काकडत होता, म्हणून आपल्याच एका जवानाचा ओव्हरकोट त्याच्या अंगावर टाकलेला. तू धुक्यात त्याच्या खांद्यावर हात ठेवलास आणि त्याला आपला म्हणून मोजलंस." टिपणीस फाटकाजवळ सरकला. "तू बरोबर मोजलंस. जेवढे गेले होते तेवढेच आत आले. त्यातला एक आपला नव्हता. दोन शब्द सांगायचे होते तुला, आणि मी नाही सांगितले. विसरलो. खुशीत होतो मी. कैदी आणला म्हणून खुशीत होतो."

मी गाडीचं दार घट्ट धरलं. इतकी वर्षं आम्ही सगळे ती गोष्ट सांगत आलो होतो, त्यात कैदीही होता, मोजणीही होती, आणि एकाच्याही टाळक्यात शिरलं नव्हतं की दोन्हींची बेरीज करून बघावी.

"सकाळी तुस्कीचं कळलं," टिपणीस पुढे म्हणाला. "तेव्हाच सांगणार होतो. पण साहेबांनी मला मिठी मारली. मग म्हटलं, चौकशीत सांगू. चौकशीत तू आधी बोललास. मोजणी माझी होती, म्हणालास. मग मी... मग ते तसंच राहिलं."

संपतचे ओठ हलले. मला वाटलं, त्याला काही कळलं नसणार. तो पुन्हा तेच विचारणार. पण तो म्हणाला, "ठावं हाय मला."

"काय?"

"खांद्यावर हात ठेवला तवा आतनं थरथरत व्हता त्यो. सकाळी बघितला, च्या पीत बसल्याला. त्योच कोट." प्रत्येक वाक्यानंतर तो दम घेत होता. "म्या मानसं न्हाई मोजली. खांदं मोजलं. ती चूक माजीच."

"तुला ठाऊक होतं? मग चौकशीत का नाही बोललास?" टिपणीस जवळजवळ ओरडला. "बोलला असतास तर... अरे, का नाही बोललास?"

"हाक मारायची न्हवती तुला," संपत म्हणाला. "म्हटलं, येईल आपल्या पायानं."

मग त्यानं स्वतःच फाटकाची कडी काढली. बोटं सुजलेली, कडी निघता निघेना, पण त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. फाटक उघडलं. टिपणीस एक पाऊल आत आला. संपतनं त्याला जवळून नीट पाहिलं.

"लई उशीर केलास रं, टिप्या."

आणि आमच्याकडे, म्हणजे माझ्याकडे, ओसरीकडे आणि आम्हा दोघांच्या मागे त्याला आणखी जे कोण दिसत असतील त्यांच्याकडे वळून तो म्हणाला, "आला. आता बसा रं."

तो तिथंच, फाटकालगतच्या दगडी कट्ट्यावर बसला. टिपणीस उभाच होता, मान खाली घालून. संपतचा हात त्याच्या कमरेकडे गेला, पट्टा चाचपायला गेला. पण अर्ध्यावरूनच तो हात मांडीवर पडला. त्यात तेवढा जोर उरला नव्हता.

ओसरीवर पेला पडल्याचा आवाज झाला. वहिनींनी सगळं ऐकलं होतं. त्या आल्या, संपतशेजारी बसल्या, त्याचे सुजलेले पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतले. टिपणीसकडे त्यांनी पाहिलं नाही. 

संपत त्या दुपारी पलंगावर आपण होऊन आडवा झाला आणि गाढ झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी, झोपेतच गेला. आम्ही दोघं साताऱ्यातच एका लॉजवर उतरलो होतो.  मला त्याच्याशी बोलायचंच नव्हतं, आणि त्याला ते समजत होतं.

कोर्समधला कुणी गेला की अंत्ययात्रेत कोर्सतर्फे पुष्पचक्र वाहायचं आणि हजर असतील त्यांतल्या सर्वांत वरच्या हुद्द्याच्यानं ते वाहायचं, असा आमचा रिवाज. टिपणीसनं बाजारात जाऊन चक्र करवून घेतलं. ब्लेझरवर पदकं लावली. त्यात ते पदकही होतं. लावावं की न लावावं यावर त्यानं आरशासमोर बराच वेळ काढला, हे मी पाहिलं. शेवटी लावलं. न लावणं म्हणजे सगळ्या लोकांना कारण सांगणं आलं.

घरासमोर माणसं जमली होती. भावकी, शेजारीपाजारी, साताऱ्यातले माजी सैनिक. आम्ही फाटकाशी पोचलो तशा कुमुदवहिनी पुढे आल्या. पांढरं पातळ, कपाळ मोकळं. त्यांनी मला आत येऊ दिलं. मग फाटक लोटलं आणि कडी घातली.

"जनरलसाहेब," त्या म्हणाल्या. कालपर्यंत तो भाऊजी होता. "यांनी तुम्हाला आत घेतलं. ते त्यांचं नि तुमचं. मी घेणार नाही."

"वहिनी..."

"मला ऐकून घ्या. पलटणीतल्या बायका माझ्याशी कशा वागल्या, ते मी गिळलं. वसईच्या त्या माउलीनं तोंडावर दार बंद ठेवलं, तेही गिळलं. पण मीही माणूस आहे. भांडणात माझ्याही तोंडून निघायचं. साधं मोजता आलं नाही तुम्हाला, तुम्ही मला काय शिकवता, असं मी त्यांना म्हटलंय. एकदा नाही, कितीदा तरी म्हटलंय." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण आसपासची कुजबुज थांबली. "ते गप्प बसायचे. ते शब्द मी आता कुणापाशी जाऊन परत घेऊ? सांगा ना. तुम्ही दोन शब्द बोलला नाहीत, त्यापायी माझ्या तोंडून किती गेले!"

 

टिपणीसनं पुष्पचक्र फाटकावरून माझ्या हातात दिलं. ते मी वाहिलं.  तिरडी बाहेर निघाली तेव्हा टिपणीस रस्त्याच्या कडेला सावधान उभा होता. कडक सलाम ठोकला त्यानं. साताऱ्याच्या माजी सैनिकांनी त्याची पदकं पाहून त्यालाही सलाम केले, आणि ते त्याला चुकवता आले नाहीत. स्मशानात तो आला नाही. आम्ही परतलो तेव्हा तो त्याच जागी होता. ऊन डोक्यावर आलं होतं, ब्लेझर घामानं भिजला होता, आणि समोर संपतचं फाटक बंद होतं.

मी गाडीत बसलो, किल्ली लावली, पलीकडचं दार आतून उघडलं. टिपणीस दाराशी आला. दारावर हात ठेवून वाकला, पण बसला नाही.

"ओग्या, तो बसा म्हणाला ना?"

"म्हणाला."

"मला म्हणाला का? का तुम्हालाच म्हणाला?"

मी त्याच्याकडे पाहिलं. सत्तरी ओलांडलेला, घामाघूम झालेला एक म्हातारा माणूस. कमरेला पट्टा होता, चकचकीत पितळी बकलाचा. हात लांब केला असता तर सहज पोचला असता. धरून खाली ओढायला फारसा जोरही लागला नसता.

मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं त्यानं दार बाहेरून हळूच लावलं. आरशात तो एसटी स्टँडच्या दिशेनं चालत जाताना दिसला. त्या चालीच्या दिवसासारखाच, थोडा लंगडत. मी हाक मारली नाही.